लीगमधून बाहेर पडलेला संघ पुढच्याच वर्षी चॅम्पियन कसा झाला?

२०१६ मध्ये मिझोरामचा आयझॉल एफसी आय-लीगमधून खाली घसरला होता. मग २०१६-१७ च्या मोसमाचा विजेता तोच कसा?

उत्तर गोव्यात आहे. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) देशातली अव्वल लीग करण्याचा आराखडा फुटबॉल महासंघानं मांडला. त्याच्या निषेधात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावणं आलं.

प्रशिक्षक होते खालिद जमील, त्याच वर्षी मुंबई एफसीतून बाहेर पडलेले. शेवटून दुसऱ्या सामन्यात आयझॉलनं मोहन बागानला १-० हरवलं. आता फक्त बरोबरी हवी होती. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगनं सुरुवातीलाच गोल ठोकला. तासाभराहून जास्त वेळ झाल्यावर विल्यम लालनुनफेलानं तो फेडला. १-१! आयझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्य भारताचं हे पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. आणि जमील यांची जुनी मुंबई एफसी? तळाला.

पण आयएसएलमध्ये तेव्हा जिंकून नव्हे, फ्रँचायझी घेऊन जागा मिळायची. त्या वर्षी तिथे दोन संघ वाढले: बंगळुरू आणि नवाकोरा जमशेदपूर. चॅम्पियन आयझॉल आय-लीगमध्येच राहिला.