जर्मन इनामी संगीन : अस्सल की नक्कल?

जुन्या वस्तूंच्या धंद्यात काही मालाची किंमत लोखंडात नसते, त्यावरील अक्षरांत असते. जर्मन लष्कराची इनामी संगीन हा असाच माल. साधी संगीन आणि पात्यावर इनामाचा मजकूर असलेली संगीन यांच्या भावात मोठी तफावत पडते. म्हणूनच जुन्या पात्यावर नवी अक्षरे चढवण्याचा उद्योग चालतो. चोरबाजारातील व्यापारी बांधवांना याची पारख असावी, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

इनाम की आठवण?

या संगिनी प्रामुख्याने जर्मनीतील झोलिंगेन शहरात बनत. सरकारी संगिनीखेरीज शिपाई स्वतःच्या पैशाने चकचकीत संगीन घेत व गणवेशासोबत कमरेला लावत. तिच्यावर पुष्कळदा ‘त्सुर एरिनेरुंग आन माइने डीन्स्टत्साइट’, म्हणजे ‘माझ्या नोकरीच्या आठवणीसाठी’, असे शब्द असतात. हे इनाम नव्हे. इनामी संगिनीवर नेमबाजीसारख्या कामगिरीचा उल्लेख हवा. सोबत बहुधा पलटणीचे नाव किंवा सालही असते. आठवणीची संगीन इनामी म्हणून विकणे, ही पहिली फसवणूक.

पारख कशी करावी?

१) भिंग घेऊन अक्षरे पाहावीत. असा मजकूर तेजाबाने उठवला जाई. पात्यावर मेण किंवा रोगणाचा थर देऊन उघडी जागा तेजाबाने खाल्ली जाई. त्यामुळे जमीन खोल व धुरकट आणि अक्षरे वर व चमकदार दिसतात. खोदयंत्राने कोरलेल्या अक्षरांच्या कडेला कीस उठलेला दिसतो.

२) पात्यावर निकेलचा मुलामा असल्यास तो खोल भागातही असावा, कारण मुलामा मागाहून दिला जाई. अक्षरांच्या कडेला मुलामा फाटलेला दिसला, तर काम नवे समजावे.

३) मजकूर जुन्या गॉथिक वळणाचा असेल, तर ‘एस’ हे अक्षर पाहावे. शब्दाच्या मध्ये ते लांब आणि शेवटी गोल असते. नक्कल करणारे बहुधा येथेच चुकतात.

४) साल जुळवावे. १८९८ च्या माउझर बंदुकीच्या संगिनीवर १८९० साल असू शकत नाही. वेयर्सबर्ग-किर्शबाउम ही पेढी १८८३ मध्ये एकत्र झाली. तिच्या जोडनावाच्या शिक्क्यावर १८७० चे इनाम खोटेच. कैसरची राजवट १९१८ मध्ये संपली, हेही ध्यानात ठेवावे.

५) पात्याच्या पाठीवर मुकुट व सालाचा सरकारी शिक्का असेल, तर ती फौजेची संगीन होय. अशा पात्यावर इनामाचा मजकूर दिसल्यास दुप्पट सावध व्हावे.

माल हाती आल्यावर

बफ मारून पाते चमकवू नये. त्याने अक्षरे झिजतात आणि भाव पडतो. हलके तेल पुरे. शस्त्र कायद्याच्या नियमांत संगिनीचा नावानिशी उल्लेख आहे, म्हणून खरेदी-विक्रीपूर्वी परवान्याची चौकशी करावी. शंभर वर्षांवरील वस्तू परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याचे नियम पाहावेत.

शेवटी कारागीर बांधवांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुने पाते आणून त्यावर जर्मन अक्षरे उठवून मागणारा गिऱ्हाईक आला, तर ती कशासाठी हवीत हे आधी विचारावे. नक्कल नक्कल म्हणून विकली, तर ती हुनराची कमाई आहे. तीच अस्सल म्हणून विकण्यासाठी हात लावला, तर मजुरी थोडी आणि गुन्ह्यात वाटा पुरा. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, हे आपल्या व्यापाऱ्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.