गोळी तीच, वय मात्र बदलले

गेल्या पावसाळ्यात एका आजींना त्यांचा मुलगा ऑटोत घालून माझ्या कळंबच्या दवाखान्यात घेऊन आला. वय ७६. पहाटे लघवीला उठल्या, तोल गेला आणि न्हाणीत पडल्या. सुदैवाने हाड मोडले नव्हते. मात्र दिवसभर झापड, अडखळते बोलणे आणि चालताना झोक जाणे हे महिनाभर चालू होते. घरच्यांना वाटले, वयच झाले. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, लिव्हरची तपासणी यवतमाळले केली जी. सारं नॉर्मल आहे."

मी औषधांची पिशवी मागितली. तीत डायझेपाम या झोपेच्या औषधाच्या गोळ्या निघाल्या आणि घड्यांवर फाटलेली एक जुनी चिठ्ठी. अक्षर माझेच होते! आजोबा वारले तेव्हा, आजींच्या साठीत, मी ती गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पुढे चिठ्ठी दाखवून ती येतच राहिली. नंतरच्या भेटींत मीही कधी विचारले नाही. ही चूक माझी.

"पण गोळी तं तीच आहे, मंग आताच काऊन तरास होते?" आजींनी विचारले. प्रश्न अगदी बरोबर होता.

आपण घेतलेल्या बहुतेक औषधांची विल्हेवाट यकृत आणि मूत्रपिंड लावतात. तरुणपणाच्या तुलनेत म्हातारपणी यकृताचा आकार साधारण २० ते ४० टक्क्यांनी, तर त्यातून वाहणारे रक्त ३५ ते ५० टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडच्या जिनिंगचेच उदाहरण घ्या. पूर्वी दहा यंत्रे चालत होती, आता सहाच चालतात. कापसाच्या गाड्या मात्र रोज तेवढ्याच येतात. मग आवारात कापूस तुंबणारच. औषधाचेही तसेच होते. कालची गोळी पुरती निघून जाण्याआधी आजची येऊन पडते.

डायझेपामच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. उतारवयात अंगातले मांस घटते आणि चरबीचे प्रमाण वाढते. हे औषध चरबीत साठते आणि तेथून हळूहळू रक्तात उतरते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, रक्तातील डायझेपाम निम्मे व्हायला विशीत सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीत सुमारे ९० तास. शिवाय म्हातारा मेंदू अशा औषधांना अधिक हळवा असतो.

मग रिपोर्ट नॉर्मल कसा? एसजीपीटीसारख्या तपासण्या यकृताच्या पेशींना इजा झाली आहे का, ते सांगतात. जिनाला आग लागली का, हे पहारेकरी सांगेल. दिवसाला किती कापूस निघतो, हे त्याला कसे ठाऊक असणार? म्हणून नॉर्मल रिपोर्ट हा जुन्या मात्रेचा परवाना नव्हे.

हे केवळ झोपेच्या गोळीचे नाही. प्रोप्रानोलॉलसारख्या गोळीचा बराचसा भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते. उतारवयात तो कमी निकामी होतो आणि रक्तात जास्त पोहोचतो. नाडी मंद होते, चक्कर येते. गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालू असते आणि सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा तेच असते. बेरीज कोणी करत नाही. वजन कमी, जेवण कमी आणि त्यात मोहाची दारू असेल, तर यकृतावरचा धोका फार वाढतो.

वाचकहो, एवढे करा. घरातील वडीलधाऱ्यांची सगळी औषधे, चूर्णे आणि काढेसुद्धा, एका पिशवीत घालून दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा. "यातले कोणते बंद करता येईल? कोणते कमी करता येईल?" असे स्पष्ट विचारा. जुन्या चिठ्ठीवर औषध आणू नका आणि शेजाऱ्याची गोळी देऊ नका. नवी झापड, भ्रम, पडणे किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मात्र हा लेख वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाची, मधुमेहाची, फिटची औषधे तर मुळीच नाही. वर्षानुवर्षे घेतलेली झोपेची गोळीही एकदम सोडली, तर थरथर, बेचैनी, प्रसंगी झटकेसुद्धा येतात. आजींची गोळी मी तीन महिने थोडी थोडी कमी करत सोडवली. पहिले काही दिवस झोप नीट लागेना, म्हणून त्या माझ्यावर रागावल्याही!

परवा चतुर्थीला त्या चिंतामणीच्या देवळापाशी भेटल्या. हातात काठी होती, पण चाल सरळ होती. "आता उजाडलं का समजते जी," त्या म्हणाल्या.

तुमच्या घरातली जुनी चिठ्ठी आज काढून पाहा. तिच्यावरची तारीख वाचा.