तुरुंगात भरलेली नगरपालिकेची सभा

नगरसेवक म्हटले की काय डोळ्यांसमोर येते? चौकातला फ्लेक्स, वाढदिवसाचा केक आणि टेंडर. आम्ही वकिली करतो. नळ नाही, गटार नाही, ठराव झाला पण काम नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन वस्तीतली माणसे आमच्याकडे येतात. अशा वेळी आम्हाला लंडनच्या जॉर्ज लॅन्सबरी यांची आठवण होते.

पॉप्लर ही पूर्व लंडनमधली गोदी कामगारांची वस्ती. तिथे लॅन्सबरी आधी गरीब-मदत मंडळावर निवडून आले, १९०३ साली नगरपालिकेवर गेले आणि १९४० साली मरेपर्यंत नगरसेवक राहिले. दोनदा महापौर झाले. पुढे मंत्री झाले, मजूर पक्षाचे नेते झाले, पण पॉप्लर सोडले नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी १९१२ साली खासदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक हरले!

१९१९ साली मजूर पक्षाने पॉप्लर जिंकले. नगरपालिकेने स्त्री व पुरुष कामगारांना सारखेच, आठवड्याला किमान चार पौंड वेतन दिले. मग बेकारी आली. तेव्हाच्या कायद्याने प्रत्येक वस्तीने आपल्या गरिबांना आपल्याच घरपट्टीतून पोसायचे. श्रीमंत भागात गरीब थोडे आणि पट्टी भरपूर. पॉप्लरमध्ये नेमके उलटे. म्हणजे गरिबांनीच गरिबांना पोसायचे! वर लंडन कौंटी कौन्सिल आणि पोलिसांचा वाटाही भरायचा. १९२१ साली पॉप्लरने हा वाटा गोळा करण्यास नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले. नगरसेवक वाजतगाजत हायकोर्टात चालत गेले आणि सप्टेंबरात तीस जण तुरुंगात गेले. त्यांत स्त्रिया होत्या. एक तर गरोदर होती. नगरपालिकेच्या सभा तुरुंगात भरल्या. सहा आठवड्यांनी सुटका झाली आणि गरिबांच्या मदतीचा बोजा साऱ्या लंडनने वाटून घेण्याचा कायदा झाला. लॅन्सबरींची सून मिनी हीही तुरुंगात होती. १ जानेवारी १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ती वारली. लढ्याची किंमत त्या घराने अशी मोजली.

त्याच १९२१ साली त्याच लंडनमध्ये बाबासाहेब ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या विकेंद्रीकरणावर प्रबंध लिहून एम.एस्सी. झाले. सत्ता खाली द्यायची आणि पैसा मात्र वर ठेवायचा, हा प्रश्न तिथेही होता आणि इथेही होता.

कुणी विचारील, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी कायदेभंगाचा मार्ग सोडायला सांगितले, मग तुम्ही याचे कौतुक कसे करता? प्रश्न रास्त आहे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला आणि हायकोर्टापर्यंत लढून १९३७ साली तो दावा जिंकला. आम्हाला लॅन्सबरींकडून तुरुंग घ्यायचा नाही. घ्यायचे आहे ते ठरावाशी इमान.

कारण महाडचा धडा ठरावाचाच आहे. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना, १९२४ साली, महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. लोक पाणी प्यायला गेले तेव्हा काठ्या बसल्या आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने ठराव मागे घेतला! पॉप्लरचे नगरसेवक ठरावामागे तुरुंगात गेले. महाडचे नगरसेवक ठराव सोडून घरी गेले.

आज राखीव जागांवर आमचे भाऊ-बहिणी निवडून येतात. ती खुर्ची संविधानाने दिली आहे, पक्षाच्या मेहेरबानीने नव्हे. मग वस्तीसाठी राखलेला निधी दुसरीकडे वळतो तेव्हा सभागृहात त्यांचा हात का वर होत नाही? तुरुंगात जायची गरज नाही. उभे राहून विरोध इतिवृत्तात नोंदवा आणि नोंदीची नक्कल आमच्याकडे आणा. पुढचे कोर्टात आम्ही बघू.