जुन्या गाडीला टायर स्वस्त घालावेत की महाग?



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात एक जुनी चारचाकी उभी असते. नोकरी लागल्यावर कर्ज काढून घेतलेली, आता बारा-तेरा वर्षांची झालेली. विकायला गेलं तर फारसे पैसे येत नाहीत आणि नवी घेण्याची ऐपत लगेच नसते. अशा गाडीचे टायर संपले की दुकानदार हमखास म्हणतो, "मॅडम, गाडी जुनी झाली. तिला कशाला महागडे टायर? साधे टाका." ऐकायला हे अगदी व्यवहारी वाटतं. मलाही वाटलं होतं.

२०२४ च्या गणपतीत आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरताना पाऊस होता. एका वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. ओल्या फरशीवर साबणाची वडी सरकावी तशी सरकत ती कठड्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. मागच्या सीटवर माझी मुलगी आणि सासूबाई होत्या. सासूबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

आता गंमत बघा. टायरवर नक्षी चांगली शिल्लक होती. टायर घेऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि गाडीही फार फिरलेली नव्हती. मग झालं काय? उत्तर टायरवरच लिहिलेलं होतं. मी ते कधी वाचलं नव्हतं, एवढंच.

टायर वाचायचा कसा?

टायरच्या बाजूला इंग्रजीत 'डॉट' अशी अक्षरे असतात. त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे साल. माझ्या टायरवर होतं २३१५. म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मी तो २०१९ मध्ये 'जबरदस्त डिस्काउंट' म्हणून घेतला होता! दुकानातच तो चार वर्षं पडून होता आणि घाटात उतरला तेव्हा नऊ वर्षांचा होता. ही चौकट कधी कधी टायरच्या आतल्या बाजूलाच असते, त्यामुळे वाकून बघावं लागतं.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता यांमुळे ते हळूहळू कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. पाटीवरचं जुनं खोडरबर आठवा, पुसण्याऐवजी नुसतं घसरतं, तसंच. म्हणून अनेक टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी बदला. नक्षीची मर्यादा वेगळी आहे. खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे दिसतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर राहिली. कारसाठी आपल्या कायद्यानेही तीच किमान खोली आहे.

बाकीचे आकडे सोपे आहेत. माझ्या गाडीला १६५/८० आर १४ हे माप लागतं. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. सातवीच्या शेकडेवारीला याहून चांगलं उदाहरण कुठलं? पुढे ८५ टी असेल तर ८५ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार चालतो. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. तेवढा आपल्याला लागत नाही, पण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी भाराचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घालू नये.

जादा पैसे कशाचे?

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्यात काजळी, गंधक, तेलं, पोलादी तारा, कापड असं बरंच काही असतं. टायर सहज गडगडावा, इंधन वाचावं असं मिश्रण केलं की ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते, पकड वाढवली की इंधन जास्त लागतं. ही ओढाताण मिशेलिनने १९९२ मध्ये मिश्रणात सिलिका वापरून बरीच कमी केली, आणि पुढे इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. महागड्या टायरमध्ये आपण मुख्यतः या मिश्रणाचे, त्यामागच्या चाचण्यांचे आणि कमी आवाजाचे पैसे देतो. थोडेफार नावाचेही देतो, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण पकडीने फरक तरी किती पडतो? गणित करून पाहू. ओल्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षण गुणांक ०.७ धरा आणि कमी पकडीच्या टायरचा ०.५ धरा. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक लावला तर पहिली गाडी साधारण २० मीटरवर थांबते, दुसरी २८ मीटरवर. आठच मीटर, म्हणजे दोन गाड्यांची लांबी, असं वाटेल. पण जिथे पहिली गाडी पूर्ण थांबलेली आहे, त्याच जागी दुसरी अजून ताशी ३२ किलोमीटरने पुढे जात असते. तिथे एखादं मूल रस्ता ओलांडत असेल तर?

आणि जुन्या गाडीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. ब्रेक जोरात दाबला तरी चाकं अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आपल्याकडे सर्व नव्या कारना २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच साध्या मॉडेलमध्ये ती नाही, माझ्याही नाही. नवी गाडी चालकाची चूक थोडीफार सांभाळून घेते. जुन्या गाडीत सगळी भिस्त तळहाताएवढ्या चार ठिकाणी रस्त्याला टेकणाऱ्या रबरावर असते. मग 'गाडी जुनी म्हणून टायर साधे' हा हिशेब उलटाच नाही का?

मग महागडेच घ्यायचे?

नाही, तसंही नाही. मी तीन भाव काढले. एकाला ३,६०० रुपये, मधला ४,६०० आणि भारीतला ६,०००. चार टायरचा खालच्या-वरच्या भावातला फरक ९,६०० रुपये. पाच वर्षांत वाटला तर दिवसाला सव्वापाच रुपये. पण मग मी वाकून तारखा बघितल्या. भारीतला टायर दीड वर्षापूर्वीचा निघाला. माझं माप जुनं, त्यात भारी टायर फारसा खपत नाही. मधला मात्र दोन महिन्यांपूर्वीचा होता. मी मधला घेतला, नामांकित कंपनीचा साधा मॉडेल.

तुमची गाडी गावातच फिरत असेल, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर, तर 'जास्त चालणाऱ्या' टायरसाठी जादा पैसे देऊ नका. तो झिजायच्या आधी वयानेच बाद होईल. ताजा, योग्य मापाचा, आयएसआय चिन्ह असलेला स्वस्त टायर हा झिजलेल्या किंवा कडक झालेल्या भारी टायरपेक्षा केव्हाही बरा. सेकंड हँड आणि रिमोल्ड टायर मात्र मुलं बसणाऱ्या गाडीला नकोतच.

आणि एक. आमच्या मेकॅनिकने पुढचे टायर दाखवले तर दोन्ही आतल्या कडेने खाल्लेले. अलाइनमेंट गेलेलं, एक शॉकअप गळत होता. यावर नवे टायर चढवले असते तर भारी काय नि स्वस्त काय, वर्षभरात तसेच झाले असते. मधला टायर घेऊन वाचलेले पैसे मी तिथे घातले.

दोनच टायर बदलायचे असतील तर ते पुढे बसवायचे असं सगळे सांगतात. टायर कंपन्या मात्र मागे बसवायला सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ पुढे जाते आणि वेग कमी केला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आपल्यासारख्यांना ती आवरत नाही. दुकानात हे सांगितल्यावर पोरगा हसला, पण बसवले मागेच.

हे सगळं झाल्यावर मी चौथीच्या मुलांना शाळेच्या आवारातल्या गाड्यांच्या टायरवरचे चार अंक शोधायला लावले. वही-पेन्सिल घेऊन सगळे वाकलेले. मुख्याध्यापकांच्या स्कूटरजवळून एक जण ओरडला, "बाई, ०९१३! हा टायर माझ्यापेक्षा मोठा आहे!" सर खिडकीतून बघत होते. सोमवारी स्कूटरला नवा टायर होता.