इन्स्टा, यूट्यूब की व्हॉट्सॲप? आधी गिऱ्हाईक कुठंय ते बघा

आजचा प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा. घरगुती दिवाळी फराळ विकतात. इन्स्टा, फेसबुक, यूट्यूब, लिंक्डइन, सगळीकडे पेज काढलंय. रोज दोन तास त्यात जातात आणि ऑर्डर मात्र ओळखीतल्याच येतात.

ताई, चारपैकी तीन ठिकाणी पोस्ट करणं आजच थांबवा.

कारण सांगतो. प्रत्येक ॲपवर माणूस वेगळ्या मूडमध्ये असतो. यूट्यूबवर 'चकली का फसते' असं शोधणारी व्यक्ती चकली स्वतः करायला बसलेली असते. ती तुमची गिऱ्हाईक नाही! रील्सचं गणित अजून वेगळं. ज्याला असे व्हिडिओ आवडतात, त्याला अल्गोरिदम तुमचं रील दाखवतो. तो नांदेडचा असेल, नागपूरचा असेल. तुम्ही डिलिव्हरी कोथरूड-कर्वेनगरमध्येच देता ना? मग त्या दहा हजार व्ह्यूजचं काय लोणचं घालायचं?

तरी इन्स्टा ठेवा, पण शोरूम म्हणून. कुणी तुमचं नाव ऐकलं की आधी तिथे डोकावतं. तीन पोस्ट वर पिन करता येतात: दर, डिलिव्हरीचा भाग, ऑर्डरची शेवटची तारीख. बास.

खरी ऑर्डर पक्की होते व्हॉट्सॲपवर, म्हणून वेळ तिथे घाला. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ पासून फुकट आहे, त्यात कॅटलॉग बनवता येतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पण एक मेख आहे: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. स्टेटसचंही तेच. त्यामुळे प्रत्येक डब्यात 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी टाका. माझ्या मते ही चिठ्ठी पन्नास रील्सपेक्षा जास्त काम करेल.

लिंक्डइन? फराळासाठी नाही. हां, हिंजवडीतल्या कंपन्यांना दिवाळी गिफ्ट बॉक्स द्यायचे असतील, तर एचआरवाले तिथेच भेटतील. म्हणजे माल तोच, पण गिऱ्हाईक बदललं की ॲपही बदललं.

आता धोक्याचं. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली आणि लोकांचे लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद होते. मालक एकच ना! म्हणून गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर, त्यांना विचारून, एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून ठेवा.

त्याच वहीत अजून एक रकाना आखा: 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' दिवाळीपर्यंत प्रत्येक ऑर्डरला हे विचारा. उत्तरात एकदाही इन्स्टा आलं नाही, तर तेही बंद. आणि तो रकाना भरला की मला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावरच बोलू.