मातेच्या मृत्यूचे कारण सांगा!

गरोदर स्त्री एकाएकी दगावली की आपल्या समाजात दोनच उद्गार ऐकू येतात. कुणी म्हणतो, ‘तिचे आयुष्यच तेवढे!’ कुणी म्हणतो, ‘डॉक्टरने मारली!’ पहिल्या उद्गारासरशी प्रेत घाईघाईने स्मशानाकडे निघते; दुसऱ्याने रुग्णालयाच्या काचा फुटतात. दोन्ही प्रसंगी एक गोष्ट हटकून हरवते, ती म्हणजे त्या मृत्यूचे खरे कारण. पुण्यात 2025 च्या मार्चअखेर जुळ्या मुलींना जन्म देऊन एक माता मरण पावली. दाखल करून घेण्यापूर्वी 10 लक्ष रुपयांची अनामत मागितल्याचा आरोप एका रुग्णालयावर झाला, महाराष्ट्र हळहळला, आणि शासनाने चौकशी समित्या नेमल्या. ते योग्यच झाले. परंतु ज्या मातेमागे मोर्चा निघत नाही, तिच्या मृत्यूची चौकशी कोणी करावयाची, हा आमचा प्रश्न आहे.

‘एकाएकी गेली’ हे वर्णन झाले, निदान नव्हे. एखादीचा रक्तदाब आठवडेच्या आठवडे चढत असतो, पायांना व चेहऱ्याला सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरची मंडळी त्याला ‘दिवस भरत आल्याची’ लक्षणे समजतात, आणि एके रात्री तिला आचके येतात. मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने अशा स्त्रियांना आचके येण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे 2002 साली अनेक देशांत मिळून झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले. दुसरीला लहानपणी सांधे सुजून ताप आलेला असतो. त्या तापाने हृदयाची झडप अरुंद केली, हे तिच्या गावीही नसते. गर्भारपणात शरीरातील रक्त सुमारे दीडपट होते. तो भार त्या झडपेला पेलवत नाही आणि फुप्फुसांत पाणी भरते. तिसरीच्या पायातील रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकते. चौथीचा गर्भ गर्भाशयाबाहेर नलिकेत रुजलेला असतो. ती नलिका फुटून पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो. चौघींच्या मृत्यूला लोक एकच नाव देतात. उपाय मात्र चार वेगळे आहेत.

कारण शोधल्याने काय होते, असे विचारणारांना इतिहास उत्तर देईल. गर्भजल मातेच्या रक्तात शिरून क्षणार्धात प्राण जाऊ शकतो, हे 1941 साली शिकागोच्या स्टायनर व लशबॉ या दोघा शास्त्रज्ञांनी अकस्मात मेलेल्या 8 स्त्रियांच्या शवविच्छेदनांतून दाखवून दिले. त्या स्त्रियांचे देह तसेच मूठमातीस गेले असते, तर तो विकार कितीतरी काळ अज्ञातच राहिला असता. इंग्लंड व वेल्समध्ये 1952 पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. हेतू शिक्षेचा नाही, शिकण्याचा आहे. रक्ताच्या गाठींनी होणारे मृत्यू तिथल्या चौकशीत ठळकपणे दिसून आले, प्रतिबंधाचे नियम घातले गेले, आणि 2003 ते 2005 या तीन वर्षांत जेथे ब्रिटनमध्ये असे 41 मृत्यू झाले होते, तेथे पुढील तीन वर्षांत ते 18 वर आले. आपल्याच देशात केरळमधील स्त्रीरोगतज्ज्ञांनी 2004 पासून हीच वाट धरली. 2018 ते 2020 या काळात दर लक्ष जिवंत जन्मांमागे माता दगावण्याचे प्रमाण भारतात 97, महाराष्ट्रात 33 आणि केरळात 19 होते. महाराष्ट्राला आपल्या आकड्याचे समाधान वाटत असेल, तर त्याने केरळकडेही एक नजर टाकावी.

नियम आपल्याकडे नाहीत असे नव्हे. मातामृत्यूच्या परीक्षणाची केंद्र सरकारची मार्गदर्शिका 2010 साली निघाली, 2017 साली सुधारली गेली. गरोदरपणात किंवा त्यानंतर 42 दिवसांच्या आत झालेला मृत्यू कळवावा, रुग्णालयातील उपचार तपासावेत, घरी जाऊन नातलगांची हकीकत लिहून घ्यावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे त्यांचे म्हणणे ऐकले जावे, असे ती सांगते.

आता हा नियम भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर आणून पाहा. येथील सुनेची तपासणी गल्लीतल्या दवाखान्यात होते; पहिलटकरीण म्हणून ती सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, आणि ते माहेर कधी कोकणात, कधी परप्रांतात असते. येथेच राहिली व प्रकृती बिघडली, तर रुळांपलीकडे पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. तेथूनही पुढे न्यावयाची वेळ आली, तर दहिसरचा नाका ओलांडून मुंबई, नाहीतर घोडबंदरच्या रस्त्याने ठाणे. म्हणजे राहते घर एका पालिकेत, पहिली तपासणी एका ठिकाणी, अखेरचा श्वास तिसऱ्याच ठिकाणी! जेथे ती मरण पावली तेथील कागदांत तिचे शेवटचे काही तास सापडतील. मागचे आठ महिने केबिन रोडवरच राहतील. दुखणे घरात केव्हा ओळखले, वाहन केव्हा मिळाले, दारात पोहोचल्यावर उपचार केव्हा सुरू झाले, या तीन विलंबांचा हिशेब दोन्ही टोके जुळल्यावाचून लागणार नाही.

म्हणून मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडे आमची मागणी स्पष्ट आहे. पालिका क्षेत्रात राहणारी कोणतीही गर्भवती वा बाळंतीण कोठेही मरण पावो, तिचे परीक्षण येथे झालेच पाहिजे. खाजगी प्रसूतिगृहांनी माहिती दडवू नये; दडविल्यास जाब विचारावा. कारण अस्पष्ट असेल तेथे नातलगांना विश्वासात घेऊन शवविच्छेदनास राजी करावे. आणि दरवर्षी, नावे वगळून, या मृत्यूंची कारणे व त्यांवर योजलेले उपाय नागरिकांपुढे ठेवावेत. डॉक्टरांना निर्भयपणे सत्य सांगता यावे म्हणून चौकशी गोपनीय असावी. पण गोपनीयतेच्या पांघरुणाखाली तिचा निष्कर्षही झोपी जाता कामा नये.

गेलेली माता कोणत्याही समितीने परत येणार नाही. परंतु तिच्या मरणाचे कारण कळले, तर त्याच गल्लीत आज डोहाळे लागलेल्या दुसरीचा जीव वाचू शकेल. तिच्या पोरक्या लेकराला मोठेपणी ‘तुझी आई एकाएकी गेली’ एवढेच सांगण्याची पाळी या शहरावर येऊ नये!