पंचवीस किलोमीटरांतला आयर्लंड

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आठवड्यासाठी घर भाड्याने घेणारं कुटुंब सहलींचे बेत आखायला बसतं, तेव्हा यादीत बहुधा तीन नावं सगळ्यात वर असतात: मोहरचे कडे, रिंग ऑफ केरी आणि स्केलिग मायकल. घर केरी काउंटीतल्या डिंगल गावात असलं तरी यादी हीच राहते, आणि या तिन्हींपैकी एकही ठिकाण डिंगलच्या द्वीपकल्पावर नाही. मोहरला जायचं तर ट्रेली, लिस्टोवेल करत टारबर्टला पोचायचं, तिथे गाडी फेरीबोटीवर चढवून वीस मिनिटांत शॅनन नदीचं मुख ओलांडायचं आणि पुढे क्लेअर काउंटीतून उत्तरेला जायचं. जाण्यायेण्यात मिळून सहा तास सहज जातात. रिंग ऑफ केरी शेजारच्या द्वीपकल्पाला घातलेली १७९ किलोमीटरची प्रदक्षिणा आहे, आणि तिच्या सुरुवातीला पोचण्यातच सकाळ सरते. ही ठिकाणं सुंदर आहेत, याबद्दल वाद नाही. तरीही डिंगलला उतरलेल्या माणसाने आठवडाभर पंचवीस किलोमीटरांपलीकडे जाऊ नये, असं माझं मत आहे. त्यामागे हौसेपेक्षा या किनाऱ्याची रचना, तिथलं हवामान आणि तिथला इतिहास अधिक आहे.

आधी हवामानाचं. अटलांटिकवरून येणारे ढग आयर्लंडला सर्वांत आधी गाठतात ते केरीच्या या बोटांसारख्या निघालेल्या द्वीपकल्पांवर. जवळच्या व्हॅलेंशिया वेधशाळेत वर्षाला सुमारे १,५५० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. कोकणात याहून कितीतरी जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. केरीत तो बारा महिने थोडा थोडा येत राहतो आणि एकाच दिवसात तीनतीनदा येऊन जातो. त्यामुळे सकाळी आठला ठरवलेला बेत अकरापर्यंत टिकेलच असं नसतं. लांबच्या सहलीला निघालेल्याला भर पावसात कड्यावर उभं राहावंच लागतं, कारण तीन तास मोडून तो आलेला असतो. घराजवळ राहणारा परत फिरतो, चहा घेतो आणि चारला पुन्हा निघतो. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुपारचे चार वाजले तरी हाताशी सहा तासांचा उजेड उरलेला असतो. या किनाऱ्यावर अख्ख्या दिवसाच्या सहलीपेक्षा अर्ध्या दिवसाची सहल अधिक शहाणपणाची ठरते, ती यामुळे.

पण जवळ पाहण्यासारखं काही नसेल तर या सोयीला अर्थ नाही. डिंगलची बाजू इथेच भक्कम होते. या द्वीपकल्पाचं सविस्तर पुरातत्त्वीय सर्वेक्षण १९८६ साली ग्रंथरूपात प्रसिद्ध झालं, आणि ते चाळलं की एवढ्याशा जमिनीवर माणसाच्या वस्तीच्या खुणा किती दाट पसरल्या आहेत ते कळतं. गावाबाहेर बॅलिन्टॅगार्टच्या जुन्या दफनभूमीत ओघम लिपीतले दगड आहेत. दगडाच्या कडेवर आडव्यातिडव्या रेघा मारून लिहिण्याची ही पद्धत साधारण चौथ्या ते सातव्या शतकातली, आणि आयर्लंडमधल्या ओघम शिलांचा मोठा हिस्सा एकट्या केरीत सापडतो. गावापासून आठेक किलोमीटरांवर गॅलरसचं प्रार्थनागृह उभं आहे. चुना नाही, माती नाही. प्रत्येक थर थोडा आत सरकवत नुसते दगड रचलेले, आणि ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते, म्हणजे पाणी आत न येता ओघळून जातं. ते सातव्या-आठव्या शतकातलं की बाराव्या, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. शतक कोणतंही असो, इतक्या पावसाच्या मुलखात ते छत आजवर तगलं, यात त्या गवंड्यांच्या कसबाचा पुरावा आहे. तिथून पाच मिनिटांवर किलमलकेदरचं बाराव्या शतकातलं चर्च आहे. त्याच्या आवारात ओघम शिला, दगडी सूर्यघड्याळ आणि लॅटिन मुळाक्षरं कोरलेला दगड एकत्र पाहायला मिळतात. स्मेरिकच्या उपसागरावरच्या डून अन ओइर किल्ल्यात नोव्हेंबर १५८० मध्ये शरण आलेल्या सुमारे सहाशे इटालियन आणि स्पॅनिश सैनिकांची इंग्रज फौजेने कत्तल केली. पुढे मोठा कवी म्हणून गाजलेला एडमंड स्पेन्सर तेव्हा त्या मोहिमेच्या सेनापतीचा चिटणीस होता. हे सगळं एका दुपारच्या टप्प्यात येतं.

स्ली हेडचा रस्ता हा या मुलखाचा कणा. डिंगलहून निघून डिंगललाच परतणारं हे वर्तुळ पन्नासेक किलोमीटरांचं आहे आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यावं, असा स्थानिकांचा आग्रह असतो. तो मानावा. रस्ता अरुंद आहे, मोठ्या बस याच दिशेने जातात, आणि आयर्लंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवत असल्यामुळे समुद्र आपल्याच बाजूला राहतो. वाटेत फाहनच्या उतारावर गोल दगडी झोपड्या दिसतात, आणि त्यांच्याखाली कड्याच्या टोकावर डनबेगचा किल्ला. २०१४च्या जानेवारीतल्या वादळात या किल्ल्याचा एक भाग समुद्रात गेला. जे उरलंय ते किती काळ राहील, हे अटलांटिकच्या हातात आहे.

या रस्त्यावर डनक्विनला पोचलं की समोर ब्लास्केट बेटं दिसतात, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा तिथे आहे. ग्रेट ब्लास्केटवर एके काळी दीडशेहून अधिक माणसं राहत होती. झाड नाही, डॉक्टर नाही, पाद्री नाही, दुकान नाही. लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणून केलेल्या होड्यांतून ती मासेमारी करत आणि त्याच होड्यांतून मुख्य भूमीवर येत. तरणी पोरं अमेरिकेला गेली, वल्ही मारणारे हात कमी झाले. १९४७च्या जानेवारीत बेटावर एक तरुण मेंदूच्या आवरणाच्या दाहाने वारला. समुद्र खवळलेला होता आणि डॉक्टर पोचू शकला नाही. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने बेट रिकामं केलं. तेव्हा तिथे जेमतेम वीस-बावीस माणसं उरली होती.

अशा ठिकाणी साहित्य निर्माण व्हावं याला वरवर पाहता काहीच कारण नव्हतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आयरिश भाषा तिच्या जिवंत रूपात ऐकायला अभ्यासक इथे येऊ लागले: नॉर्वेचा कार्ल मारस्ट्रांडर १९०७ मध्ये आला, त्याच्यामागून ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर. किलार्नीच्या ब्रायन ओ केली यांनी मच्छीमार तोमास ओ क्रिहन यांना गॉर्की आणि पिएर लोती वाचून दाखवले. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांचं जगणंही पुस्तकात येऊ शकतं हे दाखवण्यासाठी. तोमासचं आत्मकथन १९२९ साली छापलं गेलं, मुरिश ओ सूलिव्हानचं १९३३ मध्ये, पेग सेअर्सचं १९३६ मध्ये. पेगने आपली कहाणी तोंडी सांगितली आणि मुलाने ती लिहून घेतली. जात्यावरच्या ओव्या ज्या समाजाने जपल्या, त्याच्या वाचकाला या घटनेचं मोल वेगळं सांगायला नको. डनक्विनला १९९३ पासून ब्लास्केट केंद्र उभं आहे. ते आधी पाहून मग बेटावर गेलं, तर पडक्या घरांतलं कोणतं कुणाचं ते कळतं.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. मराठी कुटुंब आयर्लंडला वारंवार जात नाही. बरेचदा ही सहल लंडनच्या किंवा डब्लिनच्या नातेवाइकांकडच्या मुक्कामाला जोडून केलेली असते. २०१५ पासून भारतीयांना एकाच व्हिसावर ब्रिटन आणि आयर्लंड पाहण्याची सोय झाल्याने तर अधिकच. मग इतक्या लांब येऊन जगप्रसिद्ध स्केलिग सोडायचं? सहाव्या शतकाच्या आसपास वसलेला तो मठ आणि त्याच्या सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या खरोखर अद्वितीय आहेत, आणि १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे. पण तिथे दिवसाला फक्त १८० माणसांना उतरता येतं, तेही उन्हाळ्याच्या काही महिन्यांत, आणि समुद्र शांत नसेल तर होड्या सुटतच नाहीत. डिंगलहून पोर्टमगीच्या धक्क्यावर पोचायला दोनेक तास लागतात, आणि फेरी रद्द झाल्याचं तिथे गेल्यावर कळू शकतं. ज्याला स्केलिगच हवं आहे त्याने घरच त्या बाजूला, आयव्हरा द्वीपकल्पावर घ्यावं आणि हाताशी चार दिवस ठेवावेत. आधी घर आणि मग ठिकाणं, हा आपला क्रम चुकतो.

दुसरा आक्षेप असा की प्रसिद्ध आकर्षणाशिवाय सहलीत मुलं रमत नाहीत. याला उत्तर डिंगलनेच दिलं आहे. १९८३ पासून त्या बंदरात फंगी नावाचा एक डॉल्फिन एकटाच राहत होता. त्याला दाखवण्यासाठी होड्या चालत, गावात त्याचा पुतळाही उभा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो दिसेनासा झाला, तेव्हा आता गावाचं कसं होणार, अशी भीती बोलून दाखवली गेली. पाहुणे मात्र येतच राहिले. होड्या आता बेटांकडे, समुद्रपक्ष्यांकडे आणि देवमाशांच्या शोधात जातात. पूर्वेला इंचची कित्येक किलोमीटर लांब पुळण आहे, जिथे १९७० साली पडद्यावर आलेल्या ‘रायन्स डॉटर’चं चित्रीकरण झालं. अ‍ॅनस्कॉलला टॉम क्रीनचं ‘साउथ पोल इन’ आहे. स्कॉट आणि शॅकल्टन यांच्याबरोबर तीनदा अंटार्क्टिकाला जाऊन आलेला हा खलाशी गावी परतून शांतपणे पब चालवत राहिला, ही गोष्ट कोणत्याही मुलाला ऐकवण्याजोगी आहे. उत्तरेला ४५६ मीटरवरचा कॉनर खिंडीतला घाट आहे, आणि तो इतका चिंचोळा की मोठ्या बसना तिथे बंदी आहे. एप्रिल २०२४ मध्ये आयर्लंडच्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली, त्यात या खिंडीचा परिसर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो अर्धा तरी मान्यच करावा लागतो. डिंगलचा पश्चिम भाग गेल्टाख्त, म्हणजे आयरिश बोलणाऱ्यांचा अधिकृत प्रदेश आहे. २०२२च्या जनगणनेत देशभरच्या अशा प्रदेशांची लोकसंख्या एक लाखाहून थोडी अधिक भरली, पण त्यांतले शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम वीस हजार निघाले. घरं सुट्टीच्या भाड्यासाठी राखली गेली की गावच्या तरुणांना घर मिळत नाही, आणि ती मुलं गेली की भाषाही जाते. म्हणजे जवळ राहा असं सांगणारा लेख या प्रश्नात भरच घालतो, असं कुणी म्हणू शकेल. पण दिवसभर बाहेर हिंडून रात्री फक्त झोपायला येणारा पाहुणा घर अडवतोच, वर गावाला काही देतही नाही. म्हणून घर निवडताना, जिथे मालकीणबाई स्वतः राहतात आणि सकाळचा नाश्ता देतात असं घर आधी शोधावं. रिकामं ठेवून फक्त पाहुण्यांना दिलं जाणारं स्वतंत्र घर हा शेवटचा पर्याय असावा. किराणा, मासे, लोकर गावातून घ्यावी. रात्रीच्या संगीताला पबमध्ये जाऊन बसावं आणि वादकांचं वाजवणं चालू असताना बोलू नये.

बेत आखताना एवढं करा. दिवस आधी ठरवू नका. ब्लास्केटची होडी मात्र शेवटच्या दिवसावर टाकू नका. मुक्कामातला जो पहिला दिवस शांत समुद्राचा मिळेल, त्याच सकाळी धक्का गाठा.